कंडेन्सरला पाणी नसेल तर चॅन-लॅम लावा

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी एम.एस्सी.ला ऑरगॅनिक शिकवते. मार्च उलटला की आमच्या लॅबच्या नळाला पाण्याचा भरवसा नसतो. रिफ्लक्ससाठी, म्हणजे द्रावण उकळत ठेवून वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणण्यासाठी, रात्रभर कंडेन्सरमधून पाणी सोडणं मनाला पटत नाही. म्हणून प्रोजेक्टमध्ये कार्बन-नायट्रोजन बंध जोडायचा असेल तर मी मुलांना आधी चॅन-लॅम ही तांब्याच्या मदतीने, न तापवता होणारी रिअ‍ॅक्शन लावायला सांगते.

उल्मान यांनी 1903 साली तांब्याच्या मदतीने असा बंध जोडला खरा, पण त्या पद्धतीला कडक उष्णता लागते. 1995 मध्ये बुकवाल्ड आणि हार्टविग यांनी पॅलेडियमची वाट काढली. ती उत्तम आहे, फक्त महागडे लिगंड (धातूला धरून राहणारे रेणू) आणि हवा दूर ठेवायला नायट्रोजन वायूची सोय हवी. 1998 मध्ये चॅन, इव्हान्स आणि लॅम यांनी बोरॉनिक अ‍ॅसिड आणि तांबं घेऊन हेच काम खोलीच्या तापमानाला, उघड्या हवेत करून दाखवलं. लहान कॉलेजसाठी ही मोठीच सोय झाली.

सुरुवात इमिडॅझोलपासून करा. 50 मिलीच्या आरबीएफमध्ये (गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये) 136 मिग्रॅ इमिडॅझोल, 293 मिग्रॅ फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड, 14 मिग्रॅ क्युप्रस ऑक्साइड आणि 8 मिली मिथेनॉल घ्या. बोरॉनिक अ‍ॅसिड मोलच्या हिशेबात इमिडॅझोलच्या 1.2 पट धरलंय, कारण त्यातलं थोडं वाया जातंच. बाटली जुनी असेल तर त्यातल्या काही भागातून पाणी निघून जाऊन त्याचं बोरॉक्सिन (तीन रेणू जोडलेलं वलय) झालेलं असतं, म्हणून वजनावर डोळे झाकून विसंबू नका.

आता मुख्य गोष्ट: फ्लास्कला बूच लावू नका. मुलं सवयीने लावतात आणि रिअ‍ॅक्शन रेंगाळते. हवेतला ऑक्सिजन इथे रिएजंट आहे. बंध जुळताना तांबं खालच्या ऑक्सिडेशन अवस्थेत येतं आणि ऑक्सिजनच त्याला पुन्हा वर चढवतो. तोंडाला कापसाचा सैल बोळा पुरे. फ्युमहूडमध्येच ठेवा, मिथेनॉलची वाफ विषारी असते. काचेवर पेनने पातळीची खूण करा आणि उडालेलं मिथेनॉल अधूनमधून भरा. स्टररवर रात्रभर फिरू द्या. विटकरी पूड हळूहळू कमी होते आणि द्रावणात निळसर-हिरवी झाक येते.

टीएलसीला (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीला) हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट सम प्रमाणात घ्या. इमिडॅझोल यूव्हीखाली नीट दिसत नाही, त्यासाठी आयोडीनची बरणी वापरा. वर धावणारा ठळक स्पॉट पाहून मुलं खूश होतात, पण तो बहुधा फिनॉल, बायफिनाइल किंवा अ‍ॅनिसोलचा असतो. शेजारी शुद्ध फिनॉलचा स्पॉट लावला की शंका फिटते. आपलं एन-फिनाइल इमिडॅझोल खाली राहतं.

मिथेनॉल उडवा, इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये घ्या आणि विरळ अमोनियाने धुवा. पाण्याचा थर निळा येईल, तो निळा यायचा थांबेपर्यंत धुणं सोडू नका. तांबं उरलं तर एनएमआरच्या (रेणूची रचना ओळखण्याच्या चाचणीच्या) रेषा पसरतात. उरलेलं इमिडॅझोल पाण्यातच जातं. मग शुद्धीकरणासाठी छोटा कॉलम. पूर्ण उत्पन्न 288 मिग्रॅ धरून टक्केवारी काढा. सीडीसीएल-थ्रीमध्ये घेतलेल्या एनएमआरवर 7.85 पीपीएमजवळ एका प्रोटॉनचा सिंगलेट (एकच रेघ) आणि फिनाइलचे पाच प्रोटॉन जुळले म्हणजे पदार्थ हाती आला.

अ‍ॅनिलीन मात्र इतकं सहज वळत नाही. मूळ पद्धतीप्रमाणे कॉपर अ‍ॅसिटेट पूर्ण एक इक्विव्हॅलंट (मोलला मोल), ट्रायइथाइल अमाइन दोन, आणि सॉल्व्हंट डायक्लोरोमिथेन घ्या. ते 40 अंशांनाच उकळतं आणि मे महिन्यात आमच्या लॅबचा पारा त्याच्या आसपास असतो, म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत काढा. सोबत 4 अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सीव्ह्ज (पाणी शोषणारे दाणे) टाका, नाहीतर पाणी बोरॉनिक अ‍ॅसिडचं फिनॉल करतं. सीव्ह्ज आदल्या दिवशी 300 अंशांना तापवून डेसिकेटरमध्ये गार करून ठेवा.