संकटात एकदम सुन्न झालात, सगळं खोटं वाटायला लागलं तर काय करायचं

बाबांना आयसीयूत हलवलं त्या रात्री मी फॉर्मवर सही करत होते आणि हा हात माझा नाहीच असं वाटत होतं, डॉक्टरांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, आणि मागून कुणीतरी म्हणालं, बघा पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही. ते फार लागलं मला. म्हणून आधी हे सांगते, याला डिसोसिएशन म्हणतात, ताण झेपेनासा झाला की मेंदू आपल्याला त्यातून लांब नेतो. कुणी स्वतःलाच बाहेरून बघत असतं, कुणाला आजूबाजूचं जग काचेपलीकडचं वाटतं. हे दगडाचं काळीज नाही, वेडही लागलेलं नाही, बहुतेक वेळा हळूहळू ओसरतं.

तेव्हा मनाची समजूत काढत बसू नका, शरीराकडे या. चपला काढून तळपाय फरशीवर दाबा, तोंडावर गार पाणी मारा, अमृतांजन हुंगा. मग दिसणाऱ्या 5 गोष्टी मोठ्याने बोला, हाताला लागणाऱ्या 4, ऐकू येणाऱ्या 3, वास येणाऱ्या 2, चवीची 1. मोजणी चुकली तरी चालतं. डोळे मिटून दीर्घ श्वास घे असं सगळे सांगतात पण मला त्याने अजूनच तरंगल्यासारखं झालं, तुम्हालाही तसं होत असेल तर डोळे उघडे ठेवा आणि फक्त श्वास सावकाश सोडा.

अशा वेळी ऐकलेलं डोक्यात राहत नाही, मला औषधांची नावं पण आठवेनात. कागदावर लिहून घ्या, सही करायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. आणि प्लीज, गाडी चालवू नका.

असं झालेल्या माणसासोबत असाल तर त्याला गदागदा हलवू नका, थोबाडीत मारू नका, नाकाला कांदा लावू नका. नावाने हाक मारा, हात धरू का विचारा, पाणी हवं का असे हो-नाहीचे साधे प्रश्न विचारा, आणि रडत का नाहीस हे तर अजिबात नको.

डोक्याला मार लागलाय, शुद्ध हरपली, झटके आले, बोलणं अडखळतंय किंवा एका बाजूचा हातपाय उचलत नाही, तर हे दुसरंच काही असू शकतं, थेट 108 ला फोन करा. संकट सरल्यावरही पुन्हा पुन्हा असं होत राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र थांबूच नका, माणूस सोबत ठेवा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, 24 तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.