अखेरच्या आजारातल्या पेशंटसोबत संशोधन करताय? या चुका टाळा

एम.डी.चा प्रबंध असो की नर्सिंगचा प्रकल्प, पॅलिएटिव्ह केअर वॉर्डात (म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या वॉर्डात) पहिली अडचण येते ती दारातच. मुलगा गाठून सांगतो, "बाबांना कॅन्सरचं बोलू नका, त्यांना अल्सर सांगितलाय." आणि तुमच्या हातातल्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'अंतिम टप्प्यातील कर्करोग'.

इथे बरेच जण मुलाची सही घेऊन काम उरकतात. पेशंट शुद्धीवर आहे, समजून उत्तर देतोय, तर संमती त्याचीच हवी. उलट चूकही तितकीच वाईट: संमतीपत्र वाचून दाखवता दाखवता निदान फोडणं. ते काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, आणि तेही पेशंटला ऐकायचं असेल तेव्हाच. म्हणून आधी टीमशी बोला. मग पेशंटलाच विचारा, "आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? आणखी जाणून घ्यायचंय का?" अभ्यास फक्त त्रासाची नोंद घेणारा असेल, तर माहितीपत्रक 'गंभीर आजारात होणारा त्रास' अशा शब्दांत लिहून एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या. कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी असेल तर मात्र ही पळवाट चालणार नाही. आजारच माहीत नसलेल्या माणसाची तिथली सही म्हणजे संमती नव्हे. त्याला घेऊ नका.

ज्यांच्या हातात मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनाशामकाची चिठ्ठी, त्याच डॉक्टरांनी विचारलं तर "नको" कोण म्हणेल? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं अशा रुग्णांना असुरक्षित गटात धरतात ते उगीच नाही. संमती उपचारात नसलेल्या सहकाऱ्याने घ्यावी. पहिल्या टप्प्यातली चाचणी मुख्यतः डोस आणि सुरक्षितता तपासायला असते, हेही स्पष्ट सांगा. सगळे उपाय थकलेलं घर "नवीन औषध" एवढंच ऐकतं.

साठ प्रश्नांची प्रश्नावली नेऊ नका. एडमंटन लक्षणतक्त्यात मोजकी लक्षणं ० ते १० मध्ये मोजतात; पुष्कळदा तेवढं पुरतं. साधी मॉर्फिन गोळी सहसा चार-चार तासांनी देतात, म्हणून नर्सला वेळ विचारूनच जा. बोलताना कळ आली तर कागद बाजूला ठेवा आणि आधी नर्सला बोलवा. काल "हो" म्हणालेला पेशंट आज भ्रमात असू शकतो, त्यामुळे दर भेटीत नव्याने विचारा. मान फिरवली, डोळे मिटून घेतले, तर तो नकारच समजा.

या सगळ्याला घाबरून "त्यांना त्रासच नको" म्हणत कुणालाच न विचारणं, ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. २०१०मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचं जगणं जास्त सुसह्य होतं, आणि त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने निघालं, इतरांचं ८.९. त्या आजारी माणसांना कुणी विचारलंच नसतं, तर हे कळलंच नसतं.

राहिला गळतीचा, म्हणजे अभ्यास अर्ध्यावर सुटणाऱ्यांचा प्रश्न. पेशंट जाणार, खालावणार, हे धरूनच नमुन्याची संख्या ठरवा. मृत्यूमुळे, आजार वाढल्यामुळे आणि इतर कारणांनी झालेली गळती वेगवेगळी नोंदवा. 'संपर्क तुटला' या एका रकान्यात सगळे ढकललेत तर निष्कर्ष फसतील. आणि पुढच्या भेटीचा फोन लावण्याआधी वॉर्डाकडून पेशंटची स्थिती कळून घ्या. तेराव्याच्या आत घरी फोन करून "पेशंटला फोन द्या" म्हणणं नुसती यादी तपासल्याने टळतं.