नागपुरात फायटिंग गेमची टूर्नामेंट कशी घ्यावी, आणि वेळेत कशी संपवावी

टूर्नामेंट घ्यायचं मनावर घेतलं की सल्ले देणारे कमी नसतात. बक्षीस मोठं ठेव, एलईडी वॉल लाव, एखादा यूट्यूबर बोलाव. यातलं काहीही नसलं तरी टूर्नामेंट मस्त होते. पण ब्रॅकेट, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी आणि जिंकल्या-हरल्यावर पुढे कोणाशी हा तक्ता, अडकलं, की एलईडी वॉलसमोर तीस पोरं मोबाईल बघत बसलेली दिसतात आणि बाहेरगावचे एकेक करून स्टेशनकडे सुटतात. म्हणून या लेखातला अर्धा भाग ब्रॅकेटवरच आहे. बाकीचं भराभर उरकतो.

गेम, तारीख, जागा

पहिल्या खेपेला एकच गेम ठेवा. मी टेकन ८ म्हणेन, कारण पार्लरमध्ये टेकन ३ वर बोटं झिजवलेली मंडळी आजही निमूटपणे येऊन नाव देतात. स्ट्रीट फायटर ६ चे खेळाडू मन लावून खेळणारे असतात, पण संख्येने कमी. दोन्ही गेम एकाच दिवशी ठेवले, तर तीच सहा-सात पोरं दोन्हीकडे नाव देतात आणि दोन्ही ब्रॅकेटं एकमेकांची वाट बघत बसतात.

तारखेबाबत नागपूरकराला सांगायला नको, तरी सांगतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असताना हॉल शोधू नका. मिळालाच तर मोर्च्यांमुळे तिथवर पोचायचे वांधे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत असते, महाल-इतवारीकडचा एकही खेळाडू येणार नाही. विद्यापीठाच्या परीक्षा बघून घ्या. मे महिन्यात एसी नसलेला हॉल फुकट मिळाला तरी घेऊ नका. पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो, आणि कूलरच्या दमट हवेत हात असे चिकचिकतात की कंट्रोलर निसटतो.

जागा मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याजोगी असावी. वीज गेली तर काय, हे हॉलवाल्याला आधीच विचारा आणि निदान कन्सोलपुरता यूपीएस ठेवा.

सेटअप

बत्तीस खेळाडूंपर्यंत चार सेटअप (कन्सोल आणि स्क्रीनची जोडी) पुरतात. सगळ्यांवर गेमचं एकच व्हर्जन हवं, अपडेट आदल्या रात्री. डीएलसी कॅरेक्टर (वेगळे विकत घ्यावे लागणारे) प्रत्येक सेटअपवर उघडलेले आहेत ना, हे एकेक करून बघा. एडी किंवा हेइहाची खेळणाऱ्याला तीन नंबरच्या सेटअपवर आपला माणूसच सापडला नाही, तर त्याचं म्हणणं बरोबर असतं आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

स्क्रीनवर पैसे वाचवू नका. घरचा मोठा टीव्ही उचलून आणू असं म्हणणाऱ्याला प्रेमाने नाही म्हणा. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार हल्ला २६ फ्रेमनंतर लागतो, अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात. टीव्हीने चित्र दाखवायला तीन-चार फ्रेम उशीर केला की बघून उत्तर देणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जातं आणि खेळाडू शिव्या तुम्हाला घालतो. टीव्हीच वापरावा लागला तर गेम मोड चालू करा. मॉनिटरच्या खोक्यावरच्या ‘१ एमएस’ला भुलू नका, तो आकडा पिक्सेलचा रंग बदलण्याचा असतो. सिग्नल आत आल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा वेळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्याला तीच हवी. चारही स्क्रीन एकाच मॉडेलच्या मिळाल्या तर ‘त्या सेटअपवर नको’ ही कटकटच उरत नाही.

कंट्रोलर ज्याचा त्याने आणायचा: पॅड, स्टिक, लीव्हरलेस (स्टिकऐवजी नुसती बटणं), काहीही. पॅड शक्यतो केबलने. मॅच संपली की वायरलेस पॅड त्या कन्सोलवरून अनपेअर केल्याशिवाय खेळाडूला खुर्चीतून उठू देऊ नका. नाहीतर मागच्या रांगेत कोणाच्या तरी बॅगेत बटण दाबलं जातं आणि इकडे ऐन तिसऱ्या राउंडमध्ये स्क्रीनवर मेनू उघडतो.

ब्रॅकेट

सगळ्यात आधी एक वाईट सल्ला निकालात काढू. ‘सिंगल एलिमिनेशन घे, वेळ वाचतो.’ वाचतो खरा. पण चंद्रपूरहून तीन तास प्रवास करून आलेला पोरगा पहिल्याच मॅचमध्ये सात मिनिटांत बाहेर पडतो, आणि पुढच्या वेळी ना तो येतो ना त्याचे मित्र. फायटिंग गेममध्ये डबल एलिमिनेशनच चालतं: एकदा हरलात की लूझर्सच्या बाजूला, दुसऱ्यांदा हरलात की घरी. इव्हो या अमेरिकेतल्या मोठ्या फायटिंग गेम टूर्नामेंटमध्ये २००४ साली दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या कॅरेक्टरचा अख्खा सुपर (मोठा हल्ला) एकेक लाथ पॅरी करून, म्हणजे ऐन वेळी अडवून, उलटवला, तो क्षण आजही जगभर दाखवला जातो. ती मॅच लूझर्स फायनल होती. म्हणजे दोघंही आधी एकेकदा हरलेले होते. सिंगल एलिमिनेशन असतं तर ती मॅच झालीच नसती.

आता हिशेब. प्रत्येक मॅचमध्ये एक जण हरतो. बत्तीस जणांपैकी एकतीस जण दोन-दोनदा हरणार, म्हणजे ६२ मॅच. लूझर्सकडून आलेल्याने ग्रँड फायनल जिंकून रिसेट केला (दोघांची एकेक हार झाली, म्हणून आणखी एक मॅच) तर ६३. यातल्या ५२ मॅच टॉप एटच्या (शेवटच्या आठ जणांच्या) आधी होतात आणि १० टॉप एटमध्ये.

टॉप एटच्या आधी फर्स्ट टू टू (आधी दोन गेम जिंकेल त्याची मॅच) ठेवा आणि मॅचला दहा मिनिटं धरा. खेळण्यात सहा-सात मिनिटं जातात, उरलेली बसण्यात, बटणं लावण्यात आणि ‘एक मिनिट भाऊ, हेडफोन’मध्ये. झाली ५२० मिनिटं. चार सेटअपवर कागदोपत्री दोन तास दहा मिनिटं. तुम्ही तीन तास धरा, कारण एखादा सेटअप कायम कोणाची तरी वाट बघत असतो. टॉप एट फर्स्ट टू थ्री, सगळ्यांसमोर एकाच स्क्रीनवर, मॅचला पंधरा मिनिटं. हे अडीच तास. एकूण साडेपाच. अकराला पहिली मॅच लागली तर साडेचार-पाचला बक्षीस हातात. ‘दहाला या’ सांगून साडेबाराला सुरू केलंत तर अमरावतीकर टॉप एट सोडून गाडी पकडतील.

सेटअप वाढवले की झालं, असं वाटतं. पण चाराचे आठ केले तरी फक्त पहिला भाग आटोपशीर होतो. टॉप एटमध्ये सुरुवातीच्या मॅच सोडल्या तर एक मॅच संपल्याशिवाय दुसरीचा खेळाडूच ठरत नाही. त्यामुळे भाड्याच्या कन्सोलवर पैसे ओतण्याआधी मॅच पुकारण्याचा क्रम सुधारा.

तो क्रम असा. बत्तीसच्या ब्रॅकेटमध्ये विनर्सच्या बाजूला पाच फेऱ्या असतात आणि लूझर्सच्या बाजूला आठ. नवखा आयोजक विनर्सच्या मॅच आधी पुकारतो, कारण त्या भारी असतात आणि बघायला गर्दी होते. विनर्स पळतं पुढे, आणि मग त्यातले चौघं लूझर्स वर येईपर्यंत दीड तास चहा पीत बसतात. म्हणून सेटअप मोकळा झाला आणि दोन्हीकडच्या मॅच तयार असल्या, तर लूझर्सची आधी. अपवाद एकच: विनर्सच्या ज्या मॅचमध्ये हरणाऱ्याची लूझर्समध्ये कोणी वाट बघत असेल, ती सगळ्यांच्या आधी. दर दहा मिनिटांनी ब्रॅकेटकडे बघून एकच प्रश्न विचारा: कोणाच्या न खेळण्यामुळे सगळ्यात जास्त लोक अडलेत? त्याला खुर्चीत बसवा.

स्ट्रीमवाला इथे येऊन हटकून म्हणेल, ही मॅच माझ्यासाठी राखून ठेव. ठेवू नका. जी तयार आहे ती घे म्हणावं. स्ट्रीम बघणारे पंधरा असतात, हॉलमध्ये ताटकळणारे तीस.

सीडिंग, म्हणजे ताकदीप्रमाणे ब्रॅकेटमध्ये जागा देणं, प्रामाणिकपणे करा. ज्यांचा खेळ शहराला माहीत आहे त्यांना वेगवेगळ्या टोकांना टाका. एकाच कॅफेत रोज खेळणारे दोघं पहिल्या फेरीत समोरासमोर नकोत. अमरावतीहून एका गाडीतून आलेले चौघं असतील तर चौघं चार कोपऱ्यांत. तेवीस नावं आली तर ब्रॅकेट बत्तीसचंच राहतं आणि नऊ बाय (न खेळता थेट पुढची फेरी) पडतात. त्या वरच्या सीडना. उशिरा येणाऱ्याला बाय देणं म्हणजे उशिराचं बक्षीस देणं.

आणि उशीर होणारच. फोन लावा.

“कुठं आहेस बे?”

“बर्डीवर आहो भाऊ, पाच मिनिटात पोचतो.”

मागून पंख्याचा आवाज येत असतो आणि कोणीतरी ‘भात वाढू का’ विचारत असतं. हा माणूस बर्डीवर नाही. त्याला आज तरी ब्रॅकेटमध्ये धरू नका.

नियम आधीच ग्रुपवर टाका आणि मग पाळा. साडेदहाला चेक-इन बंद, हजर असलेल्यांचंच ब्रॅकेट. पहिली मॅच लागली की ते कुलूपबंद. कोणी कितीही गयावया केली तरी नवीन नाव घुसत नाही आणि ब्रॅकेट पुन्हा बनत नाही. नाव पुकारल्यापासून पाच मिनिटांत आला नाही तर एक गेम गेला, दहा मिनिटांत मॅच. विनर्समध्ये डीक्यू (न आल्यामुळे मॅच बाद) झाला तर तो लूझर्समध्ये जातो, जीव जात नाही. पहिल्या तासात एक डीक्यू सगळ्यांसमोर द्या, तोही शक्यतो स्वतःच्या दोस्ताला. नंतर दिवसभर कोणी टपरीवर रेंगाळत नाही.

ब्रॅकेट चालवणाऱ्याने स्वतः खेळू नये. मला हे सांगताना लोक नाकं मुरडतात, कारण आयोजक मुळात खेळाडूच असतो. पण तो खेळायला बसला की वीस मिनिटं चारही सेटअपना मालक नसतो, आणि तो जिंकला तर सीडिंगवरून बोलणी खातो ती वेगळीच. स्टार्ट डॉट जीजी किंवा चॅलाँज या वेबसाइटवर ब्रॅकेट बनवा, लिंक सगळ्यांना द्या, निकाल जिंकणाऱ्याने लगेच येऊन सांगायचा. शिवाय एक कागदी प्रत ठेवा. हॉलचं वायफाय कधी दगा देईल सांगता येत नाही.

इतकं करूनही पाच वाजता गाडी मागे असेल, तर टॉप एटमधल्या लूझर्सच्या पहिल्या दोन मॅच बाजूच्या सेटअपवर खेळवून घ्या. अर्धा तास तिथेच परत मिळतो.

बारापेक्षा कमी लोक आले तर हे सगळं विसरा आणि राउंड रॉबिन (प्रत्येकाची प्रत्येकाशी मॅच) घ्या. आठ जणांच्या २८ मॅच होतात, प्रत्येकाला सात खेळायला मिळतात. सोळा आले तर चार-चारचे चार पूल (गट) करा, प्रत्येकातून वरचे दोघं पुढे. माझ्या मते पहिल्या टूर्नामेंटला हाच प्रकार सगळ्यात चांगला, कारण अगदी शेवटी राहिलेलाही तीन मॅच खेळून जातो.

खेळाचे नियम

जिंकणारा कॅरेक्टर बदलत नाही, हरणारा बदलू शकतो. मॅचमध्ये पॉज झाला तर ज्याचा पॅड त्याचा राउंड गेला. समोरच्याने मोठ्या मनाने सोडलं तर सोडलं. खेळ चालू असताना मागून सल्ले नाहीत. बटण चेक मॅचच्या आधी, नंतर तक्रार ऐकायची नाही.

पोटोबा

जेवणाची सुट्टी देऊ नका, कारण एकदा बाहेर गेलेली माणसं तासाभराने येतात. तर्रीपोहे हॉलच्या दारातच मागवा, पण सेटअपपासून लांब. हात धुवायला साबण आणि पुसायला कागद ठेवा. तर्रीच्या बोटांनी धरलेला पॅड तुम्ही एकदा पुसून बघा.

पैसे

प्रवेश फी आणि तिची वाटणी आधी जाहीर करा. सरळ प्रकार म्हणजे हॉलचा खर्च वेगळा घ्यायचा आणि बक्षिसाची रक्कम पहिल्या तिघांत वाटायची. बक्षीस तिथेच, सगळ्यांसमोर, यूपीआयने. ‘आठवड्याभरात टाकतो’ म्हणणाऱ्या आयोजकाला या शहरात दुसऱ्यांदा सोळा जणही मिळत नाहीत. आपसात पैज लावणाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवा.

त्याच रात्री निकाल ग्रुपवर टाका, पहिल्या आठ जणांची नावं आणि कॅरेक्टरसकट. सोबत मागे राहिलेल्या वस्तूंचा एक फोटो. हटकून एक हेडफोन, दोन चार्जिंग केबल आणि कोणाचा तरी टिफिन असतोच.