नागपूरहून केदारकांठ्याला जाताना

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तर उत्तराखंडमधील गोविंद पशू विहार राष्ट्रीय उद्यानातील केदारकांठ्याचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर; त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल या बर्फाच्या दिवसांत तेथे जायचे असल्यास तयारी किमान दोन महिने आधी सुरू करावी.

नागपुरातील फुटाळा तलावावर रोज भरभर चालल्याने दम वाढतो. गुडघ्यांना उताराची सवय मात्र लागत नाही, आणि डोंगरात पाय बहुधा उतरतानाच दगा देतात. म्हणून रविवारी रामटेक गाठावे आणि पाठीवर सहा-सात किलोंची सॅक घेऊन अंबाळ्याकडील पायऱ्यांनी गडावर निदान तीनदा चढ-उतार करावा. उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आदळत असेल, तर बूट एक नंबर मोठा घ्यावा, नखे कापावीत आणि नाडी घोट्यापाशी आवळून बांधावी. नवे बूट थेट बर्फात घालणे म्हणजे फोडांना आमंत्रण.

नागपूरच्या थंडीत पुरणारे एकच जाड स्वेटर तेथे उपयोगाचे नाही. आत घाम शोषून लवकर वाळणारा थर, त्यावर फ्लीस (हलका, मऊ, ऊबदार कपडा) आणि बाहेर वारा अडवणारे जॅकेट असे तीन थर असावेत. सुती बनियन घामाने भिजले की अंग गार पडते. बुटांवर चढवायचे, बर्फात पकड देणारे मायक्रोस्पाइक पायथ्याच्या सांक्री गावात भाड्याने मिळतात.

रेल्वेने दिल्लीमार्गे डेहराडून गाठल्यावर पुरोला, मोरीमार्गे सांक्रीपर्यंतचा सुमारे २०० किलोमीटरांचा घाटरस्ता पूर्ण दिवस घेतो. रोख पैसे डेहराडूनलाच काढावेत आणि ओळखपत्र हाताशी ठेवावे, कारण नैटवाडला वनखात्याच्या नाक्यावर नोंद होते.

सांक्री सुमारे १,९५० मीटरवर, जुडा का तालाब सुमारे २,८०० वर आणि माथ्याखालचा तळ सुमारे ३,४०० वर आहे. एवढी उंची दोन दिवसांत गाठणे आपल्यासारख्या सपाटीवरच्यांना जडच जाते, तेव्हा तलावापाशी एक मुक्काम जास्तीचा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डोके दुखून मळमळू लागले, तर पुढे चढू नये. त्रास वाढल्यास रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरावे. उंचीच्या या त्रासावरची गोळी घ्यायची झाल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच.

माथ्यासाठी पहाटे तीन-चारच्या सुमारास निघतात, ते केवळ सूर्योदयासाठी नव्हे. ऊन चढले की बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो; म्हणून समोरची स्वर्गारोहिणीची शिखरे पाहून घ्यावीत आणि बर्फ कडक आहे तोवर, टाचा रोवत उतरायला लागावे.