थर्मामीटर फुटला? आधी झाडू खाली ठेवा

परवा कोथरूडला आमच्याकडे जुना काचेचा थर्मामीटर ओट्यावरून पडला नि आई लगेच झाडू घेऊन आली, म्हटलं थांब गं, झाडूने पाऱ्याचे अजून बारीक थेंब होतात आणि फरशीच्या फटीत जाऊन बसतात. व्हॅक्युम क्लीनर तर अजिबात नको, तो वाफ घरभर फेकतो.

खरा धोका ही वाफच, कारण पारा साध्या तापमानालाही हळूहळू उडत राहतो आणि त्या वाफेला ना रंग ना वास. गंमत बघा, गिळलेला पारा पोटातून फारसा शोषला न जाता बाहेर पडतो, पण श्वासातून गेलेल्या वाफेतला साधारण 80 टक्के अंगात राहतो आणि मेंदू, किडनीवर जातो. (जपानच्या मिनामाता शहरातलं 1956 मध्ये उघड झालेलं पाऱ्याच्या विषबाधेचं प्रकरण वेगळं, तिथे माशांतून मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं संयुग लोकांच्या पोटात गेलं होतं.)

तर पोरांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद, सोन्याची अंगठी काढून ठेवा, पारा लागला की पांढरी पडते. हातमोजे घालून जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र ढकला, बॅटरी जमिनीला टेकवून आडवी धरली की राहिलेले चमकतात, ते चिकटपट्टीने उचला. सगळं घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीवर 'पारा' लिहा आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून वेगळी द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका.