फिरायला निघालाय? इन्शुरन्सपासनं मसाल्याच्या पुडीपर्यंत सगळं एकदा बघून घ्या

सुट्टी आली की इन्शुरन्स काढायचा का नको यावर घरोघरी वाद सुरू होतो. माझं म्हणणं असं की भारतातच फिरणार असाल आणि घरात मेडिक्लेम असेल तर वेगळी पॉलिसी नाही काढली तरी चालतंय, पण परदेशात निघाला असाल तर काढायचीच, आणि आई-वडील सोबत असतील तर त्यावर चर्चाच नको, कारण इथला मेडिक्लेम बहुतेक वेळा देशाबाहेर चालत नाही आणि तिथलं हॉस्पिटलचं बिल आपल्याला झेपणारं नसतं. युरोपच्या शेंगेन व्हिसाला तर किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतंच.

कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसनं तिरुपतीला निघालाय तर ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांच्या विम्यावर टिक करा, रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर १० लाखांपर्यंत मिळतात. नंतर मेसेजमध्ये लिंक येते ती उघडून नॉमिनीचं नाव भरा, हे लई जण सोडून देतात आणि मग घरच्यांना हेलपाटे.

परदेशाच्या पॉलिसीचा फॉर्म भरताना पप्पांची शुगर, आईचं बीपी लपवू नका. एजंट म्हणाला 'नाही लिहा, प्रीमियम कमी बसतो' तरी ऐकू नका, क्लेमच्या वेळी जुनी फाईल निघतेच. आधीच्या आजारावर किती कव्हर आहे ते त्याला स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या. पॉलिसी इथनं निघायच्या आधीच काढायची, परतीच्या तारखेला दोन दिवस जास्तीचे धरून. पासपोर्टला सहा महिने शिल्लक आहेत का बघा. पॉलिसीचा नंबर आणि हेल्पलाइन कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवा, मोबाईल हरवला तर तीच कामाला येते.

आता बॅग. दुबईला पोरीकडं निघालेली प्रत्येक आई कांदा-लसूण मसाला बांधते, पण आपल्या मसाल्यात खसखस असते आणि यूएईत खसखशीला बंदी आहे, विमानतळावर सापडली तर प्रकरण साधं नसतं. न्यायचाच असेल तर बिनखसखशीचा वेगळा कुटून घ्या. गोळ्यांचंही तसंच, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांना तिथं आधी परवानगी लागते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा, सामान मागं राहिलं तरी शुगरची गोळी चुकायला नको.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईहून विमान असेल तर कोल्हापुरातनं एक दिवस आधीच निघा. २०१९ ला आणि २०२१ ला कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ हायवेवर पुराचं पाणी आलं आणि रस्ता बंद पडला होता, आणि रस्त्यात अडकून विमान चुकलं तर बऱ्याच पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत.