पायथनच्या जनरेटरमध्ये एरर नेमका कुठे पकडायचा

जनरेटर फंक्शन (म्हणजे यील्ड वापरून, मागाल तशी एकेक व्हॅल्यू देणारं फंक्शन) नुसतं कॉल केलं की आतली एकही ओळ चालत नाही, म्हणून त्या कॉलभोवती ट्राय-एक्सेप्ट लावून काहीच हाती लागत नाही, एरर येतो तो नेक्स्ट म्हणून पुढची व्हॅल्यू मागितल्यावर, म्हणजे बहुतेकदा फॉर लूप फिरताना, तर ट्राय तिथे लावा. समजा फाईलच्या ओळी इंटमध्ये बदलून यील्ड करताय आणि तिसरी ओळ निघाली 'अबक', तर व्हॅल्यूएरर बाहेर पडतो आणि जनरेटर तिथेच संपतो, पुन्हा नेक्स्ट केलं तरी स्टॉपइटरेशनच ('आता काही उरलं नाही' हा इशारा) मिळणार, चौथी ओळ विसरा. पुढे जायचं असेल तर ट्राय जनरेटरच्या आत, लूपमध्ये, फक्त इंटच्या ओळीभोवती घाला आणि एक्सेप्टमध्ये कंटिन्यू.

यील्डभोवती उघडा, म्हणजे एररचं नाव न दिलेला एक्सेप्ट मात्र कधीच नको! जनरेटर क्लोज केल्यावर, म्हणजे मध्येच बंद केल्यावर, यील्डच्या जागी जनरेटरएक्झिट हा एक्सेप्शन येतो, तो गिळून पुन्हा यील्ड केलंत की रनटाइमएरर. फाईल बंद करणं वगैरे फायनलीत ठेवा, ते क्लोजच्या वेळीही चालतं. आणि आतून थांबायला साधं रिटर्न वापरा, पायथन ३.७ पासून आत रेज केलेला स्टॉपइटरेशनसुद्धा रनटाइमएरर होऊनच बाहेर येतो.